छोट्या विद्यापीठात विज्ञान शिकताना हाताने करायला काय मिळतं?

अर्धवर्तुळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

मी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं विद्यापीठ अगदी छोटं. वर्गात आम्ही ११ जण, शिकवणारे चार आणि एक लॅब असिस्टंट काका. माझी शाळेपासूनची मैत्रीण एका नावाजलेल्या मोठ्या विद्यापीठात आहे. तिथे रेणूंची रचना ओळखायला एनएमआर आहे, त्यांचं वस्तुमान मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर आहे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे. ती फोटो पाठवते. आमच्याकडे एकच यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं मशीन), त्याचाही यूव्हीचा, म्हणजे अतिनील प्रकाशाचा, दिवा आठ महिन्यांपूर्वी गेला. तेव्हापासून त्यावर कव्हर आहे आणि "नादुरुस्त" अशी चिठ्ठी.

मला पुढे संशोधनातच जायचं आहे, यात काही शंका नाही. पण फोटो बघितले की पोटात गोळा येतो. तिसऱ्या वर्षाला बदली घेऊन मोठ्या ठिकाणी जावं का, हे सारखं डोक्यात घोळतंय. छोट्या ठिकाणी शिकून पुढे गेलेल्यांनी खरं काय ते सांगा. इथे राहून हाताने काम करायला मिळेल का?

शून्यमापक

मैत्रिणीला एकच प्रश्न विचार. त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर तिने स्वतः किती वेळा नमुना लावला?

मी उलट बाजूने आलोय. माझी पहिली पदवी मोठ्या विद्यापीठातली. प्रॅक्टिकलला बॅच मोठी, एका टेबलाला चार जण. ब्युरेट एकाच्या हातात, फ्लास्क दुसरा हलवणार, तिसरा रंग बदलला की सांगणार आणि मी आकडे उतरवणार. दोन वर्षं मी आकडेच उतरवले. माझी जर्नल अतिशय सुबक होती. ॲनालिटिकल बॅलन्सवर एकट्याने, कोणी शेजारी नसताना, पहिल्यांदा वजन केलं ते पदवी संपल्यावर. दार बंद केल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही आणि गरम क्रूसिबल ठेवलं की वजन कमी दाखवतं, या दोन्ही गोष्टी मला त्या दिवशी कळल्या. पुस्तकात वाचल्या होत्या, पण कळल्या त्या दिवशी.

आता पीएचडी करतोय. आमच्या लॅबमध्ये छोट्या कॉलेजातून आलेली एक मुलगी आहे. पंप बंद पडला की सगळे तिच्याकडे बघतात, कारण तिने आयुष्यात पंप उघडलेला आहे.

सततचाल

मी जरा दुसरी बाजू मांडतो, नाहीतर धागा एकतर्फी व्हायचा.

मी छोट्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलो. क्वांटम मेकॅनिक्स शिकवणारे सर एकच होते. आमच्या तिसऱ्या वर्षाला ते दुसरीकडे गेले आणि तो पेपर आम्हाला कोणी शिकवलाच नाही, आम्ही जुन्या नोट्सवर परीक्षा दिली. सॉलिड स्टेटचा ऐच्छिक विषय एक वर्षाआड लागायचा, तो आमच्या वर्षाला आला नाही. प्रोजेक्ट म्हणजे आदल्या वर्षीच्या रिपोर्टवर नवीन नाव, आणि हे डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना माहीत होतं. बॅच आमचीही १५ जणांचीच होती. लॅब मोकळी पडलेली असायची, पण कुलूप लावून. किल्ली मागितली की "काही मोडलं तर भरून कोण देणार?"

वर्गात मुलं कमी असली म्हणजे आपोआप हातात काम येतं, असं नाही. दार उघडणारं माणूस लागतं. आमच्याकडे ते नव्हतं आणि त्याची भरपाई करायला मला पुढे दोन वर्षं लागली. धागाकर्तीने आधी हे बघावं की तिच्या चार शिक्षकांपैकी स्वतः काही काम करत असलेलं कोणी आहे का. एक जरी असेल तर थांबण्यात अर्थ आहे. एकही नसेल तर मी बदलीचा अर्ज भरेन.

जुनी प्रयोगवही

सततचाल यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, बहुतेक सगळी छोट्या ठिकाणी, आणि कुलूपबंद लॅब मीही पाहिल्या आहेत. पण मुली, मला तुझ्या त्या चिठ्ठीबद्दल बोलायचं आहे.

स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये दिवे दोन असतात. यूव्हीसाठी ड्यूटेरियमचा आणि दृश्य प्रकाशासाठी टंगस्टन-हॅलोजनचा. ड्यूटेरियमच्या दिव्याचं आयुष्य साधारण १००० ते २००० तास, म्हणजे तो कधीतरी जाणारच. तो गेला तरी साधारण ३५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या वरचं सगळं काम टंगस्टनच्या दिव्यावर चालतं. काही मशीन चालू करताना स्वतःची तपासणी करतात आणि यूव्हीचा दिवा सापडला नाही की तिथेच थांबतात. त्यामुळे मशीनच बिघडलं असं वाटतं. बऱ्याच मॉडेलमध्ये तो दिवा बंद ठेवून पुढे जाण्याची सोय मेनूत असते. मॅन्युअल शोध. नसेलच कुठे तर काकांना विचार. छोट्या डिपार्टमेंटमध्ये कोणती वस्तू कुठे आहे आणि कोणतं मशीन कशावर रुसतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. एक सांगून ठेवते: मशीनचं झाकण त्यांच्याशिवाय उघडायचं नाही, आणि दिव्याच्या काचेला बोट लावायचं नाही.

मशीन दृश्य भागात चालू झालं, तर तुझ्याकडे वर्षभराचं काम आहे. पाण्यातलं लोह घे. लोहाचा फेरस आयन आणि १,१०-फेनँथ्रोलिन एकत्र आले की नारिंगी-लाल रंग येतो, तो ५१० नॅनोमीटरला मोजायचा. पाण्यातलं बरंचसं लोह फेरिक असतं, म्हणून आधी हायड्रॉक्सिलअमाइन घालून ते फेरस करून घ्यायचं. सोडियम ॲसिटेटने पीएच सांभाळायचा, रंग पूर्ण यायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची. स्टँडर्ड, म्हणजे माहीत प्रमाणाचं द्रावण, मोहर सॉल्ट या लोहाच्या क्षाराचं करायचं. एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (नमुन्याच्या पारदर्शक डबीत) लिटरला १ मिलिग्रॅम लोह असेल तर ॲबसॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचं माप) ०.२ च्या आसपास यायला हवा. तसा आला तर समज, हात बसला.

हा प्रयोग तुझ्या अभ्यासक्रमात असेलही. पण प्रॅक्टिकलला तो तीन तासांत उरकतात. नळाच्या पहिल्या धारेत लोह किती, पाणी पाच मिनिटं सोडल्यावर किती, रात्रभर साठवल्यावर किती, लोखंडी पाइप असलेल्या इमारतीत किती आणि प्लॅस्टिकच्या पाइपच्या इमारतीत किती, हे तुझ्या विद्यापीठात आजवर कोणी मोजलेलं नसणार. ज्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं नाही असा प्रश्न हातात आला, की तिथून संशोधन सुरू होतं.

चार्ल्स मार्टिन हॉल अमेरिकेतल्या ओबर्लिन या छोट्या कॉलेजातून १८८५ मध्ये बाहेर पडला. त्याचे प्राध्यापक फ्रँक जेवेट त्याला सल्ला देत आणि साहित्यही वापरायला देत. १८८६ च्या फेब्रुवारीत, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने घरामागच्या लाकडाच्या खोपटात वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) विरघळवून त्यातून वीज सोडली आणि ॲल्युमिनियम मिळवलं. बॅटऱ्याही त्याने स्वतःच बनवलेल्या होत्या. बहीण ज्युलियाही रसायनशास्त्र शिकलेली होती, तिची या कामात साथ होती. आजही ॲल्युमिनियम त्याच तत्त्वावर बनतं. जेवेट यांच्याकडे फार काही उपकरणं नव्हती, पण होती ती त्यांनी वापरू दिली, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे.

अर्धवर्तुळ

मॅडम, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मशीन चालू असू शकेल हे आठ महिन्यांत एकदाही मनात आलं नाही. उद्या काकांशी बोलते.

शून्यमापक, मैत्रिणीला विचारलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तिने काचेच्या भिंतीतून पाहिलाय. एनएमआरला नमुना ट्रेमध्ये ठेवून येतात, आलेख ईमेलवर येतो. पण तीही म्हणाली की तिथल्या एका ग्रुपमध्ये सुट्टीत काम करायला मिळालं तर शिकायला खूप मिळतं, आणि त्यासाठी रांग आहे.

सततचाल, आमच्या चौघांपैकी एक मॅडम मातीतल्या फॉस्फेटवर काहीतरी करतात, हे मला दारावरच्या पाटीवरून माहीत आहे. त्यांच्याशी कधी बोलले नाहीये.

सततचाल

मग आधी त्यांच्याशी बोल. बदलीचं नंतर.

मातीचा नमुना

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमचंही डिपार्टमेंट छोटंच, म्हणून लिहावंसं वाटलं.

आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांकडून मातीतले बॅक्टेरियोफेज, म्हणजे जीवाणूंना मारणारे विषाणू, शोधून घेतो. माती द्रवात ढवळायची, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची म्हणजे जीवाणू वर अडकतात आणि फेज खाली येतात. ते पाणी निरुपद्रवी जीवाणूंच्या कल्चरमध्ये मिसळून मऊ अगारसोबत प्लेटवर ओतायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटवर जीवाणूंची दुधट साय धरते आणि जिथे फेज असेल तिथे स्वच्छ गोल डाग दिसतो. तो डाग पहिल्यांदा दिसला की मुलं प्लेट दिव्यासमोर धरून एकमेकांना हाका मारतात. त्यानंतर त्यांना हजेरीसाठी बोलवावं लागत नाही.

हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. पिट्सबर्ग विद्यापीठात ग्रॅहम हॅटफुल यांनी विद्यार्थ्यांकडून फेज शोधून घ्यायला सुरुवात केली, आणि २००८ पासून सी-फेजेस या नावाने तो कार्यक्रम अनेक कॉलेजांत चालतो. त्यांच्या संग्रहातला 'मडी' नावाचा एक फेज २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यावर सापडला. लंडनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार असलेल्या १५ वर्षांच्या मुलीला फुप्फुसांच्या प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम या जीवाणूचा संसर्ग झाला होता, प्रतिजैविकं चालत नव्हती. तिला दिलेल्या तीन फेजमधला एक हा मडी. ती सुधारली आणि २०१९ मध्ये ते सगळं नेचर मेडिसिनमध्ये छापून आलं. वांगं गोळा करताना त्या विद्यार्थिनीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

यासाठी आम्हाला लागतं काय? ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, फिल्टर, प्लेट्स. जनुकक्रम काढायला नमुना बाहेर पाठवतो. मोठं मशीन आपल्या इमारतीत असलंच पाहिजे असं नसतं. अनेक मोठ्या संस्थांत बाहेरच्यांचे नमुने तपासून देण्याची सोय असते. पण पाठवण्याआधी नमुना शुद्ध हवा, आणि ते कष्ट हातानेच घ्यावे लागतात. आमच्या मुलांचा अर्धा वेळ एकच फेज पुन्हा पुन्हा पसरवून शुद्ध करण्यात जातो. कंटाळवाणं काम आहे, पण चिकाटी तिथेच येते.

रात्रपाळी

भौतिकशास्त्रवाल्यांसाठी थोडं.

आमच्या डिपार्टमेंटला दुर्बीण नव्हती, म्हणून आमच्या सरांनी अल्गोल दिला. ययाती तारकासमूहातला हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. एरवी त्याची प्रत (तेजाचा आकडा; तारा जितका मंद तितका मोठा) २.१, मंदावल्यावर ३.४. नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट फरक कळतो. शेजारच्या ज्ञात प्रतीच्या ताऱ्यांशी तुलना करत दर पंधरा मिनिटांनी अंदाज लिहायचा. आम्ही तिघांनी गच्चीवर, एकमेकांचे आकडे न बघता, वेगवेगळ्या वह्यांत लिहिले. पहिल्या रात्री तिघांत अर्ध्या प्रतीचा फरक होता, दोन महिन्यांनी ०.१ ते ०.२. मापनातली त्रुटी म्हणजे काय, हे मला वर्गात समजलं नव्हतं, ते गच्चीवर समजलं.

जॉन गुडरिकने १७८३ मध्ये याच ताऱ्याचा आवर्तनकाळ काढला आणि एखादा अंधारा सोबती त्याच्यासमोरून जात असावा असं सुचवलं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्याला ऐकू येत नव्हतं. आणि हे त्याने नुसत्या डोळ्यांनी केलं.

अशी निरीक्षणं वाया जात नाहीत. एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची निरीक्षणं गोळा करतेय, हौशी लोकांचीही घेते. शिवाय आता विदाही (डेटा) मोकळी आहे. सर्न ही युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा २०१४ पासून कणांच्या टक्करींची विदा खुली करतंय. गुरुत्वीय लहरींचा १४ सप्टेंबर २०१५ चा पहिला संकेतही उतरवून घेता येतो; थोडं पायथन येत असेल तर गोंगाट गाळून तो आपल्या आलेखावर वर येताना बघता येतो. मी हे विद्यापीठाच्या जुन्या संगणकावर केलंय.

दोन मुलांची आई

माझ्या मुलाला पुढच्या वर्षी विज्ञानाला प्रवेश घ्यायचा आहे. दोन-तीन छोटी विद्यापीठं बघायला जाणार आहोत. तिथे गेल्यावर नेमकं काय बघायचं? माहितीपत्रकात सगळीकडे "सुसज्ज प्रयोगशाळा" लिहिलेलं आहे.

शून्यमापक

ताई, उपकरणांची यादी बघू नका. मशीनशेजारची लॉगबुक बघायला मागा. कोणी कधी वापरलं त्याची नोंद त्यात असते. पानांवर विद्यार्थ्यांची नावं असतील तर चांगलं. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची असेल तर ते मशीन माहितीपत्रकापुरतंच आहे. मुलांना शिक्षक समोर नसताना गाठा आणि विचारा, की प्रॅक्टिकलची वेळ संपल्यावर लॅबमध्ये थांबता येतं का. आणि आदल्या दोन-तीन वर्षांचे प्रोजेक्ट रिपोर्ट चाळा. सततचाल म्हणाले तसे एकासारखे एक असतील तर पाच मिनिटांत कळतं.

जुनी प्रयोगवही

आणि शिक्षकांना आठवड्याला किती तास शिकवावं लागतं तेही विचारा. छोट्या ठिकाणी एकेका शिक्षकावर तीन-तीन पेपर असतात. इच्छा असून वेळ नसलेले शिक्षक मी खूप पाहिले, मीही काही वर्षं त्यातलीच होते. त्या वर्षांतल्या मुलांचं मला अजून वाईट वाटतं.

छोट्या जागेतून पुढे जाता येतं का, ही शंका असेल तर दोन नावं सांगते. १९८९ चे रसायनशास्त्रातले नोबेल विजेते थॉमस चेक ग्रिनेल या छोट्या कॉलेजात शिकले. २०२० च्या नोबेल विजेत्या जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या, तीही छोटीच संस्था, आणि पदवीच्या काळात तिथल्याच एका प्राध्यापिकेच्या लॅबमध्ये त्यांनी काम केलं होतं. अर्थात दोघंही पुढच्या शिक्षणासाठी मोठ्या विद्यापीठांत गेले. तो रस्ता तुमच्या मुलालाही आहे. शिफारसपत्र लिहिणाऱ्याने त्याला काम करताना पाहिलेलं असलं, की त्या पत्रात लिहायला काहीतरी असतं.

अर्धवर्तुळ

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

काकांना मॅन्युअल कुठे आहे ते माहीत होतं. कपाटाच्या वरच्या खणात, खोक्यासकट. मेनूत यूव्हीचा दिवा बंद केला आणि मशीन तपासणी पार करून पुढे गेलं. काका म्हणाले, "आठ महिने कोणी विचारलंच नाही." चिठ्ठी मीच काढली, त्याजागी "३५० च्या वर चालू" अशी लावली.

फॉस्फेटवाल्या मॅडमना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शनिवारी येशील?" आता दर शनिवारी आम्ही तिघी असतो, काकाही थांबतात. किल्ली रजिस्टरवर सही करून मिळते.

पहिला कॅलिब्रेशन ग्राफ (माहीत प्रमाणाला किती ॲबसॉर्बन्स येतो त्याचा आलेख) काढला. लिटरला १ मिलिग्रॅमला ०.१९, २ ला ०.३९, ३ ला ०.६०. इथपर्यंत सरळ रेषा. ४ ला मात्र ०.७१ च आलं, खरं तर ०.८० च्या आसपास यायला हवं होतं. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेवढंच. क्युवेट पुसली, ब्लँक (लोह नसलेलं द्रावण) परत लावला, तेच. मैत्रीण म्हणतेय तो बिंदू सोडून दे, तीन बिंदूंवर रेषा छान बसतेय. मला सोडवत नाहीये.

बदलीचा अर्ज भरला नाही. मॅडमनी सांगितलंय की क्वांटमचा पेपर पुढच्या वर्षी नक्की लागणार, ते मी लेखी बघितलं.

जुनी प्रयोगवही

अजिबात सोडू नकोस. दोन्ही वेळा तेवढंच आलं, म्हणजे हाताची चूक नव्हे, त्याला काहीतरी कारण आहे. एका लोहाच्या आयनाला फेनँथ्रोलिनचे तीन रेणू लागतात. सगळ्या फ्लास्कमध्ये ते सारखंच घातलं असशील, तर सगळ्यात जास्त लोह असलेल्या फ्लास्कमध्ये ते आधी कमी पडणार. द्रावण किती जुनं आहे, कोणी किती ताकदीचं बनवलं, बाटलीवर तारीख आहे का, ते बघ. शनिवारी ४ च्या फ्लास्कमध्ये दुप्पट फेनँथ्रोलिन घालून बघ. ०.८० कडे सरकलं तर सापडलं. नाही सरकलं तर हायड्रॉक्सिलअमाइन ताजं कर आणि पुन्हा बघ. सगळं वहीत पेनने लिही, चुकलेले आकडेसुद्धा.

अर्धवर्तुळ

बाटलीवर तारीख नाहीये. नवीन द्रावण करते. पहिल्या धारेचं पाणी घ्यायला शनिवारी सकाळी कोणी नळ उघडायच्या आधी पोचावं लागेल, काका साडेसहाला दार उघडणार आहेत.

मातीचा नमुना

दोन बाटल्या भर, एकात लगेच थोडं ॲसिड घाल. नाहीतर दुपारपर्यंत लोह बाटलीच्या काचेला चिकटेल आणि आकडा कमी येईल.